वेशीबाहेरचे नगर : माहूरच्या वाटेवरून पाहिलेले औरंगाबादचे पुरे, छावणी आणि नागसेनवन

गावाचा इतिहास लिहिणारे बहुधा वेशीच्या आत बसून लिहितात. गढी, देऊळ, बाजारपेठ आणि पाटीलवाडा यांची हकीकत लिहून झाली की गावाचा इतिहास पूर्ण झाला असे समजले जाते. शहराच्या इतिहासाचीही हीच रीत आहे. तट कोणी बांधला, दरवाजे किती, सुभेदार कोण कोण होऊन गेले, एवढे सांगितले की ग्रंथ पुरा होतो. वेशीबाहेर ज्यांची वस्ती होती त्यांना या ग्रंथांत जागा मिळाली ती एखाद्या ओळीपुरती. आणि तीही त्यांच्याकडून करून घेतलेल्या कामाच्या अनुषंगाने. आपण बौद्धांनी या रीतीचा विचार निराळ्या अंगाने केला पाहिजे. कारण आपल्या पूर्वजांचे बहुतेक सारे आयुष्य वेशीबाहेर गेले आणि आपल्या चळवळीचे पुष्कळसे बळही वेशीबाहेरच उभे राहिले.

प्रस्तुत लेखात औरंगाबाद शहराच्या तटाबाहेरील वस्त्यांचा विचार करावयाचा आहे. या शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे आहे. परंतु येथील विवेचन मुख्यतः त्यापूर्वीच्या काळाचे असल्यामुळे त्या त्या काळी प्रचलित असलेली नावेच वापरली आहेत. लेखक माहूरचा. माहूर आणि औरंगाबाद यांच्यामध्ये चारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. मग माहूरच्या माणसाने औरंगाबादच्या उपनगरांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, १९५० नंतरच्या कित्येक वर्षांत माहूर-किनवटच्या डोंगराळ भागातून ज्ञानाकडे जाणारी जी वाट होती ती याच शहराच्या तटाबाहेर, छावणी आणि बेगमपुरा यांच्या बाजूच्या माळावर पोहोचत होती. त्या माळाचे नाव नागसेनवन.

विहार कोठे असावा?

औरंगाबादचा तट बांधला जाण्यापूर्वी हजाराहून अधिक वर्षे या परिसरात बौद्ध वस्ती होती. बीबी का मकबऱ्याच्या उत्तरेस, सुमारे दोन किलोमीटरवर, डोंगराच्या कड्यात कोरलेली लेणी आहेत. त्यांतील चौथे लेणे चैत्यगृह आहे आणि ते या समूहातील सर्वांत प्राचीन मानले जाते. पहिले व तिसरे लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, तर सातवे त्यानंतरचे, सहाव्या शतकातील समजले जाते. पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, येथून भोकरदन व अजिंठ्याकडे आणि पुढे उज्जयिनीकडे जाणारा व्यापारी मार्ग याच प्रदेशातून जात असे. सार्थवाह, कारागीर आणि भिक्खू हे तिघेही एकाच वाटेने चालत होते. त्यांच्या दानावर ही लेणी उभी राहिली.

विहाराची जागा कशी असावी याविषयी विनयपिटकात जो विचार आला आहे तो येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. राजा बिंबिसाराने तथागतांना वेळुवन दिले तेव्हा त्याने जागेची निवड करताना असा विचार केला की, ती गावापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी. लोकांना येण्याजाण्यास सोयीची असावी. दिवसा गर्दी नसावी आणि रात्री गोंगाट नसावा. अनाथपिंडिकाने श्रावस्तीजवळ जेतवनाची निवड केली तीही याच विचाराने. म्हणजे बौद्ध परंपरेत नगराबाहेरची जागा ही हीनत्वाची खूण नव्हती. ती चिंतनाची, अध्ययनाची आणि लोकांना भेटण्याची जागा होती. पुढील काळात समाजव्यवस्थेने 'बाहेर' या शब्दाचा अर्थच उलटा केला. बाहेर राहणारा तो अस्पृश्य, असे ठरले. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये आपला सारा इतिहास सामावला आहे.

तिसऱ्या लेण्याच्या गर्भगृहात तथागतांसमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेल्या तेरा उपासक-उपासिकांचा समूह कोरलेला आहे. प्रत्येकाची केशरचना निराळी, अलंकार निराळे आणि चेहरेही निराळे आहेत. त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. परंतु या परिसरातील सामान्य गृहस्थांचे याहून जुने असे दर्शन दुसरीकडे क्वचितच सापडेल. नगरातून निघून डोंगर चढून विहारात येणारी ही माणसे होत. या भागाचा इतिहास लिहावयाचा तर तो एखाद्या सुभेदारापासून नव्हे, या तेरा जणांपासून सुरू केला पाहिजे.

माहूर गावाजवळही डोंगरात कोरलेले लेणे आहे. लोक त्याला पांडवलेणे म्हणतात. नाशिकजवळच्या त्रिरश्मी पर्वतावरील बौद्ध लेण्यांनाही लोकांनी तेच नाव दिले होते. या दोन्ही ठिकाणांचा संप्रदाय एकच होता असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु दोन्ही ठिकाणी खरे कर्ते विस्मृतीत गेले आणि त्यांच्या कष्टाचे श्रेय महाकाव्यातील राजपुत्रांना मिळाले, ही गोष्ट खरी आहे. नावे कशी पुसली जातात याचा हा नमुना आहे.

खडकी, तट आणि पुरे

खडकी नावाच्या खेड्याच्या जागी मलिक अंबरने १६१० मध्ये नगर वसविले. मलिक अंबर हा जन्माने हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. डोंगरातून खापरी नळांनी पाणी आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याचीच योजना. ज्या शहराचा पाया एका विकल्या गेलेल्या माणसाने घातला त्या शहराला जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा अधिकार खरोखर उरला नव्हता. पण इतिहास असा सरळ चालत नाही. १६२६ मध्ये अंबर वारला. त्याच्या मुलाने शहराचे नाव फतेहनगर ठेवले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावर ते औरंगाबाद झाले.

मोगल सरदारांनी आपापल्या फौजा आणि परिवार यांसह शहराभोवती वस्त्या केल्या. या वस्त्यांना पुरे म्हणत. अशा बावन्न पुऱ्यांची गणना लोक आजही करतात. जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा, बुंदीच्या भावसिंह हाडाचा भावसिंगपुरा, बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा कर्णपुरा, त्याच घराण्यातील पद्मसिंहाचा पदमपुरा ही त्यांतील काही. १६८२ मध्ये मराठ्यांच्या हल्ल्यांच्या भीतीने औरंगजेबाने शहराला तट बांधविला तेव्हा यांतील अनेक पुरे तटाबाहेर राहिले. शहर आणि उपनगर हा भेद येथे इतका जुना आहे.

या काळात माहूरचा संबंधही या प्रदेशाशी होता. माहूरचा उदाराम हा प्रथम निजामशाहीच्या पदरी, मलिक अंबरच्या काळात, होता. पुढे तो मोगलांना मिळाला. त्याच घराण्यातील रायबागन ही स्त्री मोगलांच्या बाजूने १६६१ मध्ये उंबरखिंडीच्या प्रसंगी उपस्थित होती. शहाजहान राजपुत्र असताना त्याने बापाविरुद्ध बंड केले तेव्हा तो माहूरमार्गेच दक्षिणेकडे गेला. सरदारांच्या इतिहासात माहूर आहे, औरंगाबादही आहे. परंतु या सरदारांच्या फौजेबरोबर चालणारे, घोड्यांना गवत कापून आणणारे, मेलेली जनावरे ओढणारे, तटाचे दगड वाहणारे लोक कोण होते आणि रात्री ते कोठे निजत होते, हे त्या बखरी सांगत नाहीत. प्रत्येक पुऱ्याला एका सरदाराचे नाव आहे. तो पुरा ज्यांनी उभारला त्यांच्या नावाचा पुरा एकही नाही.

ओस पडलेले पुरे आणि छावणी

१७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादेस नेली. दरबार गेला तसे सरदार गेले आणि सरदार गेले तसे पुरे ओस पडत चालले. वाडे ढासळले, बागा उजाड झाल्या, नहरींचे पाणी अडले. श्रीमंतांना जागा सोडता येते, कारण त्यांची दुसरीकडे सोय असते. गरिबांना ते जमत नाही. मोडकळीस आलेल्या पुऱ्यांत जे मागे राहिले ते बहुतांशी श्रम करून पोट भरणारे लोक होते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी शहराच्या पश्चिमेस वसली. जून १८५७ मध्ये या छावणीतील घोडदळाने बंड केले, आणि ते कठोरपणे मोडण्यात आले. शतकाच्या अखेरीस, १८८९ मध्ये, कापड गिरणी निघाली. 'मिल कॉर्नर' हे नाव तिचीच आठवण आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली. छावणी, गिरणी आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी तटाबाहेर होत्या. तिन्ही ठिकाणी मजुरीचे पैसे रोख मिळत.

या रोख मजुरीचे महत्त्व आज सहज ध्यानात येणार नाही. गावात महाराचे काम हे वतनाचे काम होते. त्याला पगार नव्हता; बलुते होते, शिळी भाकरी होती आणि बदल्यात चोवीस तासांची वेठ होती. वतन ही जमीन नव्हे, ती बेडी आहे, हे पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परोपरीने समजावून सांगितले. शहराच्या कडेला रोख पैसा हातात येऊ लागला तेव्हा ही बेडी पहिल्यांदा सैल झाली.

हे केवळ औरंगाबादपुरते खरे नाही. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. नागपूरजवळची कामठी हीही छावणी. पुण्याच्या कडेला असलेल्या देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते गावही लष्करी ठाण्याच्या आश्रयाने वाढलेले. मोठ्या शहराजवळ, परंतु त्याच्या जुन्या तटाबाहेर आणि खेड्याच्या वतनदारीबाहेर, अशा मधल्या जागेत आपल्या समाजाला उभे राहण्यास पाऊलभर भूमी मिळाली. मुंबईसारख्या शहरात चळवळ चाळींमधून आणि गिरण्यांमधून वाढली, हे खरे. परंतु मराठवाड्यात तशा गिरण्या थोड्या होत्या. येथे शहराची कड हेच आपले मुख्य ठिकाण ठरले.

निजामी राजवटीतील जागृती

मराठवाड्याची स्थिती ब्रिटिश मुलुखापेक्षा निराळी होती. उच्च शिक्षणासाठी हैदराबादेस जावे लागे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलाला, त्यातही अस्पृश्य मुलाला, हे दार जवळजवळ बंदच होते. अशा काळात भाऊसाहेब मोरे यांनी औरंगाबाद भागात संघटनेचे काम हाती घेतले. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे परिषद भरली आणि बाबासाहेब तेथे उपस्थित राहिले. 'जयभीम' या अभिवादनाचा प्रसार या परिषदेपासून झाला अशी मराठवाड्यातील लोकांची धारणा आहे. ही परिषद शहराच्या तटात भरली नाही, खेड्यात भरली, ही गोष्टही बोलकी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपली. परंतु भूमिहीनांचा प्रश्न शिल्लकच राहिला. १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. गायरानाची जमीन कसावयास मिळावी ही मागणी होती. म्हणजे त्या काळी आपल्या समाजासमोर दोन वाटा होत्या : एक गावात राहून जमिनीसाठी झगडण्याची आणि दुसरी शहराच्या कडेला येऊन शिकण्याची. बाबासाहेबांनी दोन्ही वाटांना बळ दिले.

नागसेनवन

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतरचे महाविद्यालय पुणे-नागपूरसारख्या पुढारलेल्या शहरात न काढता त्यांनी औरंगाबादेत काढले, याचे कारण मराठवाड्याचे मागासलेपण. जून १९५० मध्ये हे महाविद्यालय सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे महाविद्यालयास मिलिंद आणि परिसरास नागसेनवन अशी नावे देण्यात आली.

ही नावे सहज सुचलेली नाहीत. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा, इतिहासातील मिनँडर. नागसेन हे भिक्खू. राजाने प्रश्न विचारावेत, भिक्खूने दृष्टान्त देऊन उत्तरे द्यावीत आणि उत्तर पटले की राजाने ते मान्य करावे, असा तो संवाद आहे. राजाला सत्तेच्या जोरावर वाद जिंकता आला असता; त्याने तो विचाराच्या जोरावर चालू दिला. विद्यार्थ्याच्या ठिकाणी अशी बौद्धिक प्रामाणिकता यावी ही बाबासाहेबांची इच्छा होती. आणि हे महाविद्यालय कोठे उभे राहिले? शहराच्या तटाबाहेर, छावणी आणि बेगमपुरा यांच्या बाजूस. जेथून उत्तरेला पाहिले की प्राचीन लेण्यांचा डोंगर दिसतो. गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, येण्याजाण्यास सोयीची, दिवसा आणि रात्री शांत. वेळुवनाच्या निवडीतील सारी लक्षणे येथे जुळतात. ज्या समाजाला व्यवस्थेने हजारो वर्षे बाहेर ठेवले होते, त्याच समाजासाठी 'बाहेर' या शब्दाला त्याचा जुना, बौद्ध अर्थ येथे परत मिळाला.

प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक याच परिसरातून पुढे आले. डॉ. म. ना. वानखडे यांनी मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी येथे अध्यापन केले आणि त्यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' हे नियतकालिक औरंगाबादहून निघू लागले. दलित साहित्याच्या इतिहासात मुंबईचे जे स्थान आहे त्याच्या बरोबरीने नागसेनवनाचेही नाव घ्यावे लागते.

माहूर-किनवटहून आलेली मुले

आता माहूरकडे वळू. १९५६ पर्यंत किनवट तालुका हा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि माहूर त्याच तालुक्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि किनवट तालुका नांदेड जिल्ह्यास जोडण्यात आला. त्याआधी बरोबर अठरा दिवसांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. पैनगंगेच्या पलीकडे विदर्भ. तेथून दीक्षेची वार्ता माहूरला येण्यास वेळ लागण्याचे कारण नव्हते. एकाच शरद ऋतूत या भागातील आपल्या लोकांचा जिल्हा बदलला, राज्य बदलले आणि धम्मही बदलला. पहिल्या दोन गोष्टी सरकारने केल्या. तिसरी त्यांनी स्वतः केली.

दीक्षेनंतर मुलांना शिकविण्याची जिद्द वाढली. माहूर हे रेणुकादेवीचे आणि दत्तशिखराचे तीर्थक्षेत्र; यात्रेला दूरदूरचे लोक येथे येत. आपली मुले मात्र उलट दिशेने निघाली. सागाच्या जंगलातून किनवटला यावयाचे, तेथून मुदखेडपर्यंत रेल्वे, मुदखेडहून नांदेड-परभणी-जालना करीत औरंगाबाद. लहान रुळांची ती गाडी संथ चालत असे. पत्र्याची पेटी, एक वळकटी, बांधून दिलेल्या भाकरी आणि कोणाची तरी ओळखीची चिठ्ठी एवढ्यावर मुलगा स्टेशनवर उतरत असे. स्टेशन तटाबाहेर, वसतिगृह तटाबाहेर, महाविद्यालय तटाबाहेर. शहराच्या तटात त्याचे काही काम नसे. तेथे भाड्याची खोली मागावयास गेल्यास प्रथम जात विचारली जाई.

या कारणाने वसतिगृहाचे महत्त्व महाविद्यालयाइतकेच होते. वसतिगृहात ज्यांना जागा मिळाली नाही ती मुले छावणी, भावसिंगपुरा, पदमपुरा, उस्मानपुरा या भागांतील आपल्या लोकांच्या घरी राहिली. मजुरी करणाऱ्या कुटुंबाने आपल्या एका खोलीत परगावच्या एका मुलाला कोपरा द्यावा, हे त्या काळी आश्चर्याचे नव्हते. अशा कुटुंबांची नोंद कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या अहवालात मिळत नाही. प्राचीन लेण्यांना दान देणाऱ्या गृहस्थांचे पुण्य आपण सांगतो. या कुटुंबांनी दिलेला तो कोपरा हेही दानच होते. नागसेनवन उभे राहिले ते बाबासाहेबांच्या द्रष्टेपणाने. ते टिकले ते या उपनगरांतील लोकांच्या ओसरीवर.

विद्यापीठ आणि नामांतर

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचा परिसरही तटाबाहेर, नागसेनवनापुढे, थेट लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी. विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात जे घडले ते वाचकांस सांगावयास नको. गावोगावी वस्त्या जाळण्यात आल्या. नांदेड जिल्ह्याने त्यात फार मोठी किंमत दिली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. जनार्दन मेवाडे यांनीही प्राण गमावले. नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले.

या घटनांचा उपनगरांच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. १९७८ मध्ये ज्यांची घरे जळाली त्यांतील कित्येक कुटुंबे गाव सोडून नांदेड, औरंगाबाद, पुणे, मुंबई अशा शहरांच्या कडेला आली. त्यापूर्वी १९७२ च्या दुष्काळानेही असेच स्थलांतर घडविले होते. सातव्या लेण्यातील एका शिल्पाची येथे आठवण होते. बोधिसत्त्व अवलोकितेश्वर मध्यभागी उभे आहेत आणि दोन्ही बाजूंस संकटांत सापडलेली माणसे कोरलेली आहेत : आग, शस्त्रधारी लुटारू, बंदिवास, फुटलेली नौका, सिंह, सर्प, मत्त हत्ती. प्रत्येक चौकटीत माणसे संरक्षण मागत आहेत. प्राचीन काळी हे वाटसरूंचे भय होते. १९७८ मध्ये आग आणि शस्त्र यांचे भय वाटेवर नव्हते, घरात होते. त्या भयातून निघालेले लोक त्याच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वस्त्यांत आले आणि त्यांना संरक्षण मिळाले ते आपल्याच माणसांच्या संघटनेचे.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि माहूर-किनवटची महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. मुलांची सोय झाली, हे चांगलेच झाले. परंतु ज्या नावासाठी नांदेड जिल्ह्यातील माणसांनी प्राण दिले, ते नाव विद्यापीठाला मिळाले त्याच वर्षी नांदेड जिल्ह्याची महाविद्यालये त्या विद्यापीठाच्या कक्षेतून बाहेर गेली, ही गोष्ट या भागातील वृद्धांच्या मनात अद्याप सलते.

पुऱ्यांची झालेली नगरे

१९६० नंतर चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत आली, १९७० नंतर सिडकोने नवी वसाहत आखली, १९८० नंतर वाळूजला कारखाने निघाले. ८ डिसेंबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली आणि मुकुंदवाडी, चिकलठाणा यांसारखी भोवतालची खेडी शहरात आली. उपनगर हा शब्द आता पुऱ्यांना लागू पडत नाही. ते शहराच्या मध्यात आले आहेत. नवी उपनगरे मैलोगणती पुढे सरकली आहेत. जे काल बाहेर होते ते आत आले, आणि आज जे बाहेर आहेत ते पुन्हा नव्याने आलेले मजूर आहेत.

या काळात एक मोलाचा बदल झाला, तो नावांचा. भावसिंगपुऱ्याला लागून भीमनगर वसले आणि लोक 'भीमनगर-भावसिंगपुरा' असे एका दमात म्हणू लागले. वस्त्यांना सिद्धार्थनगर, मिलिंदनगर अशी नावे पडली. प्रत्येक वस्तीत विहार आला. प्रथम पत्र्याचा, मग विटांचा. शतकानुशतके सरदारांनी भूमीला आपली नावे दिली. येथे प्रथमच श्रम करणाऱ्या लोकांनी आपल्या मनातील नाव आपल्या भूमीला दिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये नागसेनवनातील मैदानावर बौद्ध परिषद भरली आणि परमपूज्य दलाई लामांनी तेथे धम्मदेसना दिली. त्या मैदानावर बसलेल्या उपासक-उपासिकांना पाहताना तिसऱ्या लेण्यातील तेरा उपासकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मधल्या चौदा-पंधराशे वर्षांचा खंड त्या दिवशी भरून निघाल्यासारखा वाटला.

आपले कर्तव्य

वाटला, असेच म्हणावे लागते. कारण खंड खरोखर भरून निघावयाचा असेल तर नोंदी पाहिजेत. लेण्यातील तेरा जणांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, याचा दोष कोणाला देता येणार नाही; दीड हजार वर्षे लोटली आहेत. परंतु १९५० मध्ये नागसेनवनात पहिल्या वर्षी कोणत्या गावांहून मुले आली, त्यांना कोणाकोणाच्या घरी आसरा मिळाला, भीमनगरमधील पहिला विहार कोणी कोणी श्रमदान करून उभारला, १९७८ मध्ये कोणती कुटुंबे कोणत्या गावांहून आली, हे जर आपण लिहून ठेवले नाही तर तो दोष केवळ आपला असेल. ज्यांना हे आठवते ती माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. दर पावसाळ्यात त्यांतील काही कमी होतात. त्यांच्याबरोबर एकेका वस्तीचा इतिहास जातो.

या कामास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रत्येक विहार समितीने एक जाड वही घ्यावी. वर्षावासाच्या तीन महिन्यांत, ग्रंथवाचनासाठी लोक जमतात तेव्हा, आठवड्यातून एका वृद्ध उपासकास किंवा उपासिकेस बोलते करावे. गाव कोणते, आलात केव्हा, कोणत्या कारणाने, प्रथम कोठे राहिलात, काम काय केले, मुले कोठे शिकली, एवढे प्रश्न पुरेत. स्त्रियांना आवर्जून विचारावे. कारण एका खोलीतील कोपरा परगावच्या मुलाला देताना आपल्या ताटातील भाकर अर्धी कोणी केली, हे त्याच सांगू शकतील. सांगणाऱ्याच्या शब्दांत आपले शब्द मिसळू नयेत. दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे. मिलिंदाने प्रश्न विचारले म्हणून नागसेनांची उत्तरे राहिली. आपण विचारलेच नाही तर उत्तरे कोठून राहणार?

माहूर, किनवट, हदगाव, बिलोली, उदगीर, अहमदपूर या भागांतील विहारांनीही हेच काम आपल्या बाजूने करावे. मुलगा शहरात पोहोचला ही अर्धी हकीकत झाली. तो निघाला कसा, त्याच्या प्रवासाचे पैसे कोणी दिले, आईने कोणते भांडे मोडले, ही दुसरी अर्धी हकीकत गावात आहे. दोन वह्या एकत्र ठेवल्या म्हणजे इतिहास पूर्ण होईल.

वेशीबाहेर राहिलेल्यांचा इतिहास वेशीच्या आतील लोक लिहितील ही अपेक्षा आपण कधी केली नाही. बाबासाहेबांनी शहराच्या कडेला माळावर विद्येचे वन उभे करून बाहेरच्या जागेचा अर्थ बदलून दाखविला. त्या वनाभोवती राहिलेल्या आणि त्या वनाकडे दूरदूरच्या डोंगरांतून चालत आलेल्या माणसांची नावे लिहून ठेवणे एवढे काम त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवले आहे. येत्या आषाढ पौर्णिमेस वर्षावासाचा आरंभ होईल. पहिली वही त्या दिवशी उघडावी.